काळ्या मातीची गोदी

नवा माणूस भेटला की ते प्रथम त्याच्या पायांकडे पाहत. चेहऱ्याकडे दृष्टी जाई ती बऱ्याच वेळाने, आणि तीही उपकार केल्यासारखी. मी ज्याचा पुजारी आहे त्या देवळाच्या पायरीवर आमची पहिली भेट झाली तेव्हा माझ्या झिजलेल्या टाचा त्यांनी इतक्या निरखून पाहिल्या, की मी संकोचाने धोतर खाली ओढले.

"गुरुजी, डाव्या पायावर भार जास्त पडायलाय तुमचा," ते म्हणाले. "वरनं न्हाई कळत. खालनं कळतं."

ही दृष्टी त्यांना मुंबईने दिली होती. त्यांचे वडील निजामाच्या राजवटीत येथून मजुरीसाठी मुंबईच्या बंदरात गेले, आणि मुलगा सुक्या गोदीत लागला. जहाज आत येण्यापूर्वी गोदीच्या तळाशी लाकडी ठोकळे मांडायचे, पाणी उपसले जाऊन जहाज त्यांवर टेकले की त्याच्या पोटाखाली शिरायचे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. लोक जहाजाची शिडे, भोंगे आणि झेंडे पाहतात; यांनी केवळ तळ पाहिले. निवृत्तीनंतर ते गावी, पूर्वेच्या वस्तीत भावाच्या घरी परतले. समुद्राचे नावही न ऐकू येणारे आमचे गाव, चिटगुप्प्याच्या बाजाराला जाणारे, काळ्या जमिनीत रुतलेले. गाव त्यांना गोदीअण्णा म्हणू लागले.

स्थिर बसणे त्यांना ठाऊक नव्हते. भाकरीचा एक घास बसून, दुसरा अंगणात, तिसरा शेजाऱ्याच्या दारात. बसमध्ये जागा रिकामी असली तरी ते दाराजवळ दांडी धरून उभे राहत आणि प्रत्येक गचक्याला चालकाला सूचना देत. कारण विचारले तर म्हणत, "टेकेपर्यंत बसायचं न्हाई. जहाज टेकताना बसलेला माणूस मेलेलाच समजा." आता कोणते जहाज टेकायचे राहिले आहे, असे मी एकदा विचारले. त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या पायांकडे, दयेने पाहिले.

त्यांच्या सदऱ्याच्या दोन्ही खिशांत बाभळीच्या पाचरी असत. कोणाच्या घरी पाण्याला गेले, तरी आधी खाट हलवून पाहत आणि डुगडुगत असेल तर पाचर सारून मगच तांब्या हाती घेत. आमच्या देवस्थान समितीचे अध्यक्ष तुरीचे मोठे व्यापारी. त्यांच्या मुलीच्या विवाहात मी मंगलाष्टके म्हणत असता, मंचाच्या खालून ठक् ठक् असा आवाज येऊ लागला. वधूवर दचकले. अध्यक्षांनी वाकून गर्जना केली, "कोण हाय रे खाली?"

"मी हाय, सावकार. तुम्ही चालू द्या. पूर्वेकडचा पाय अधांतरी हाय."

"अहो अण्णा, लग्न लागायलंय वर!"

"म्हणून तर! लागल्यावर पडलं तर काय करता?"

पुढचे मंगलाष्टक मी त्या ठोक्यांच्या तालावरच पूर्ण केले.

सुक्या गोदीचा इतिहास हा त्यांचा एकमेव स्वाध्याय होता, आणि तो ऐकण्यास कोणी तयार असो वा नसो, ते सांगत. बसथांब्यावर शेंगा सोलता सोलता ते चीनच्या एका राजाची गोष्ट सांगायचे. सणाला तळ्यात फिरणारी त्या राजाची मजल्यांची नाव होती. तिचा तळ कुजला, आणि पाण्यातल्या नावेचा तळ कसा सांधावा हे कोणाला सुचेना. तेव्हा वाड्यातल्या एका सेवकाने तळ्याच्या काठी खड्डा खणवला, त्यात खांब रोवून तुळया टाकल्या, तळ्याचे पाणी आत घेऊन नाव तुळयांवर आणली, आणि रहाटांनी पाणी काढून टाकले. नाव अधांतरी उभी राहिली. मग ते इंग्लंडच्या राजाकडे वळत. त्याच्या गोदीला लाकडी दारे होती, आणि दारांमधली पोकळी दगडमातीने भरलेली. जहाज बाहेर काढायचे म्हणजे ती माती उकरायला माणसांचा तांडा लागे. शेवटी मुंबई येई: पारशी कारागिरांनी कंपनी सरकारसाठी बांधलेली, आजही कामात असलेली दगडी गोदी. तेथे पोहोचले की त्यांचा आवाज घरची गोष्ट सांगितल्यासारखा उतरे.

मी एकदा अभिमानाने लोथलचे नाव घेतले. ते ताडकन उठले.

"गुरुजी, ती गोदी हाय का पाण्याचा हौद, यावर जाणत्यांत अजून वाद हाय. आणि गोदी असली तरी सुकी न्हवं. पाणी काढायची सोय कुठाय? सुकी गोदी म्हणजे काय, तर जहाज पाण्यातनं येतं, दार लागतं, पाणी जातं, जहाज टेकतं, काम होतं. मग दार उघडतं आणि पाणी परत येतं. परत न्हाई आलं तर ती गोदी न्हाई. कबर हाय."

हा सर्व पसारा आमच्या देवाच्या तेप्प्यापाशी येऊन थांबणार होता, हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

तेप्पा म्हणजे देवाला पुष्करणीत फिरवण्याची रुंद, चपट्या तळाची सागवानी नाव. चैत्री पौर्णिमेला उत्सवमूर्ती तिच्यावर विराजमान होते आणि तीन प्रदक्षिणा घालते. माझ्या आजोबांच्या काळी दुरुस्तीसाठी तो तेप्पा दोरांनी पायऱ्यांवर ओढला, तेव्हा त्याची एक कूस उकलली. त्यानंतर त्याला पाण्याबाहेर काढण्याचे धैर्य कोणी केले नाही. वरून सांधावे, आतून डांबर फासावे, असे चालले. एका वर्षी तिसऱ्या प्रदक्षिणेत पाणी देवाच्या चौरंगापर्यंत चढले आणि अध्यक्षांनी निर्णय जाहीर केला: पुढील उत्सवाला कलबुर्गीहून प्लास्टिकचे ड्रम आणायचे, त्यांवर लोखंडी सांगाडा बांधायचा, आणि जुना तेप्पा फोडून त्याचे लाकूड होमकुंडाला वापरायचे.

ज्या फळ्यांवर माझ्या पूर्वजांनी अनवाणी उभे राहून आरती केली, त्या मीच समिधा म्हणून अग्नीत घालायच्या!  मला जेवण जाईना. गोदीअण्णांना हे कळले तसे ते पुष्करणीच्या काठाने येरझारा घालू लागले. देवळाच्या आत ते येत नसत. त्यांच्या घरी बुद्धवंदना होई, आणि आमच्या देवाविषयी त्यांना भय नव्हते, रागही नव्हता. पण एक लाकडी तळ कोणी खालून पाहिलाच नाही आणि तरी त्याला मृत ठरवले, हे त्यांना सोसवेना.

"पाणी काढा तळ्यातलं," ते म्हणाले.

"ते होणार नाही," मी म्हणालो. "हे जल सर्व प्राण्यांना अर्पण केलेले आहे. यात कासवे आहेत, मासे आहेत. एका नावेसाठी त्यांचे घर मोडता येणार नाही."

ते चिडतील असे वाटले. उलट ते खुशीत आले. "म्हणजे चीनचं करावं लागतं," एवढे बोलून ते निघूनच गेले.

पुष्करणीच्या ईशान्येला, जेथे पायऱ्या कधीच ढासळल्या होत्या, तेथे पलीकडे एक कोरडे दगडी कुंड होते. पूर्वी देवाच्या फुलबागेला त्यातून पाणी जाई. दोहोंमध्ये केवळ मातीची भिंत. अण्णांचा बेत असा: ती कापायची, पाणी कुंडात घ्यायचे, तेप्पा तरंगत आत आणायचा, वाट पुन्हा मातीने बंद करायची आणि कुंडातले पाणी मोटारीने परत पुष्करणीतच सोडायचे. तीर्थाचा थेंब वाया जाणार नाही, कासवाला धक्का लागणार नाही. अध्यक्ष म्हणाले, "पौर्णिमेपर्यंत तरंगला तर तरंगला. मी ड्रम मागवून ठेवतो." आम्हाला तेवढे पुरे होते.

तेप्पा ज्या दिवशी टेकला तो दिवस मला विसरता येणार नाही. कुंडाच्या तळाशी त्यांनी बाभळीचे ठोकळे आधीच मांडले होते. पाणी उतरू लागले तसे ते छातीपर्यंत पाण्यात उभे राहून तेप्प्याच्या खाली हात घालत, बुडी मारत, वर येऊन तीन भाषांत ओरडत. "हळू! मोटार बंद! आता चालू! अरे, बंद म्हटलो ना!" मग ते एकदम हलक्या आवाजात म्हणाले, "बूड टेकलं." त्या तळाच्या फळ्या मी जन्मात प्रथमच पाहिल्या. शेवाळ आणि शिंपले, आणि त्यांखाली बहुतेक ठिकाणी पक्के, काळे सागवान. ते पाचरीने ठोकत फिरले. "पाच-सहा फळ्या गेल्यात. बाकी तुमच्या-माझ्याहून धड हाय." करजगीचे एक सुतार बोलावले. सांधे बुजवायला कापसाचे पीळ, राळ आणि जवसाचे तेल आले, आणि काम सुरू झाले.

चूक झाली ती बांधात. मुंबईचा चिखल त्यांच्या हाताखालचा. त्यांनी येथेही तोच हात चालवला आणि वाट आमच्या काळ्या मातीने बुजवली. देवळापाशी फुले विकणाऱ्या शांताक्का तेव्हाच म्हणाल्या होत्या, "अण्णा, काळी हाय ती. उन्हात फाटती. आमच्या रानात म्हशीचा पाय जातो भेगंत."

"अक्का, माती ती माती. बडवून बसवलीय मी."

"बडवा की. ऊन काय तुमचं ऐकायलंय?"

चैत्राच्या उन्हाने ऐकले नाही. बांध माथ्यावरून तडकला, भेगा खाली धावल्या, आणि एका दुपारी सुतार तेप्प्याखाली उताणे झोपून पीळ ठोकत असता त्यांच्या पाठीला पाणी लागले. ते ओरडत बाहेर आले. अण्णांनी पोती टाकली, पाचरी ठोकल्या, स्वतः बांधाला पाठ लावून उभे राहिले. पण भेग एका जागी मिटे, दुसरीकडे उघडे. "वली राहिली तर धरती ही माती," शांताक्का म्हणाल्या. "सारखं पाणी पाहिजे तिला." सारखे पाणी कोण घालणार? गाव लग्नसराईत विखुरलेले.

मी उपाय सुचवला. जो कोणी दर्शनाला येईल त्याने प्रदक्षिणेपूर्वी पुष्करणीतून एक तांब्या भरून बांधावर ओतावा. माझ्या मनात केवळ सोय होती. परंतु देवळाच्या आवारात पाणी ओतायचे, तेही देवापाशी जाण्याआधी, आणि सांगणारा पुजारी! दोन दिवसांत बांधावर हळदकुंकू दिसले. मग फुले. मग नारळ. कमठाण्याहून आलेल्या एका बाईने लेकीच्या लग्नासाठी नवस बोलला. बांध अष्टौप्रहर ओला राहू लागला, भेगा मिटल्या, आणि काम पुढे सरकले.

"गुरुजी, दाराला नवस बोलायलेत तुमची माणसं!" अण्णा वैतागून म्हणाले.

"अण्णा, तुमचे दार पाणी धरते आहे ना?"

"धरतंय. पण उघडायचं हाय ते! दार हाय!"

त्यांची अस्वस्थता किती दूरवर पाहत होती, हे पौर्णिमेच्या सकाळी कळले. नव्या फळ्या बसल्या होत्या, सांधे भरले होते, राळ वाळली होती. कुदळी घेऊन उभी असलेली माणसे मात्र जागची हलेनात. "कुंकवावर कुदळ कोण घालणार?" एकाने विचारले. शांताक्काच आडव्या आल्या. "ज्यानं येवढं पाणी थोपवलं, त्याच्यावर घाव घालायचा? कामून?"

कलबुर्गीहून आलेला टेम्पो फाटकाशी उभा होता. निळे ड्रम उन्हात चकाकत होते. अध्यक्ष समाधानाने म्हणाले, "राहू द्या की मग. देव ड्रमावर फिरंल. जुना तेप्पा हितंच कोरड्यात राहू दे. लोक बघतील, फोटो काढतील."

"बघायला न्हाई केला!" अण्णांचा आवाज चिरकला. "उन्हात राहिला तर फळ्या आकसतील. सांधे उघडतील. महिन्यात चाळणी होईल त्याची. आणा ती कुदळ, मी घालतो."

गर्दीतून कोणीतरी बोलले, "त्यांचं काय जातंय? त्यांचा देव हाय का हा?"

ते शब्द मी ऐकले. अण्णांनीही ऐकले; कुदळीच्या दांड्यावरची त्यांची मूठ पांढरी झाली. मी मधे गेलो आणि शक्य तेवढ्या मोठ्याने म्हणालो, "मातीची पूजा आपल्याला नवी नाही. मातीचे लिंग करतो, मातीचा गणपती करतो, पूजतो आणि पाण्याला देतो. पूजलेल्या मातीला वेळ झाल्यावर अडवून ठेवणे हा अपराध आहे. या बांधाचे आज विसर्जन आहे. विसर्जन मी करीन."

अक्षता हाती घेतल्या, संकल्प केला, जे विसर्जनाचे मंत्र आहेत ते म्हटले आणि कुदळ उचलली. माझ्या बाहूंत पोथीच्या वजनापलीकडे बळ नव्हते. कुदळ मातीत रुतली आणि तेथेच राहिली.

"गुरुजी," अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "मंत्र झकास झाला. आता दांडा असा धरा. उजवीकडनं. वरनं थोडं थोडं."

आम्ही दोघांनी मिळून ती उपसली. पहिले ढेकूळ सुटताच शांताक्कांनी ते उचलून कपाळाला लावले आणि पदरात बांधले. "माझ्या रानाला," त्या म्हणाल्या. मग सगळ्याच बायका पुढे झाल्या, कुदळी बाजूला राहिल्या, आणि तो बांध मुठीमुठीने, ओंजळीओंजळीने उतरू लागला. अण्णा धावाधाव करीत होते. "एका बाजूनं! एकदम नगा! अक्का, तिथलं नगा काढू, पाणी उडी मारंल!"

पाणी आत आले. ते पुन्हा छातीपर्यंत उतरले आणि तेप्प्याच्या बुडाला तळहात लावून उभे राहिले. पाणी नेहमीच्या रेषेपर्यंत चढले. तेप्पा हलला नाही. त्याहून वर चढले. हलला नाही. अध्यक्षांनी टेम्पोवाल्याला खूण केली. अण्णांनी बुडी मारली, आणि खालून दोनदा ठोकल्याचा आवाज आला. राळेने एक ठोकळा चिकटला होता. ते धापा टाकीत वर आले, तोच तेप्प्याचे एक टोक झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तसे उचलले गेले, आणि मग दुसरे.

दिवस मावळत आला होता; वाद्ये वाजू लागली. परंतु एका जुन्या सांध्यातून आत पाणी येत होते, हे मी पाहिले आणि अध्यक्षांनीही पाहिले. "ड्रम उतरवा रे!" ते म्हणाले.

"कोरड्या फळ्या हायत," अण्णा तेप्प्यावर चढत ओरडले. "पाणी पिऊन फुगल्या की सांधा आपसूक मिटतो. तोवर मी उपसतो. द्या तांब्या."

पुन्हा कुजबुज झाली. देवाच्या तेप्प्यावर स्नान केल्याशिवाय कोणी चढत नाही, असे एकजण म्हणाला. मी त्याला विचारले, "आज या गावात यांच्याइतके भिजलेले दुसरे कोण आहे, ते दाखव." लोक हसले. उत्सवमूर्ती मी उचलली आणि चौरंगावर ठेवली. अण्णा फळ्यांच्या खालच्या पोकळीत वाकून पाणी उपसत होते.

"नमस्कार करायचा आहे का?" मी हळूच विचारले.

"मी हात जोडायला न्हाई आलो, गुरुजी. हात लावायला आलोय. तुम्ही तुमचं चालू द्या."

पहिली प्रदक्षिणा. वर माझा मंत्रघोष, खाली तांब्याची खळखळ आणि अधूनमधून एक सणसणीत शिवी. दुसरी प्रदक्षिणा, खळखळ तशीच. काठावर ज्योतींचा उजेड आणि जयघोष, आणि माझे सर्व लक्ष पायाखाली. तिसऱ्या प्रदक्षिणेच्या मध्यावर खालचा आवाज थांबला. माझ्या मुखातले अक्षर अडखळले. आरती हातात तशीच धरून मी वाकलो.

ते पोकळीत मांडी घालून बसले होते. बोट सांध्यावर होते. "फुगल्या," ते म्हणाले. "आता फिरवा किती बी."

त्यानंतर ते दोन उत्सव येथे होते, मग मुंबईला लेकीकडे गेले आणि तेथेच निवर्तले. वार्ता आली तेव्हा पंधरवडा उलटला होता. त्यांच्या भावाचे कुटुंबही पोटापाण्यासाठी हैदराबादला गेले. तेप्पा मात्र तोच आहे. प्रतिवर्षी चैत्रात तो कुंडात टेकतो, एखाददुसरी फळी बदलते, काळ्या मातीचा बांध लोकांच्या तांब्यांनी ओला राहतो आणि पौर्णिमेला मुठीमुठीने शेतात जातो. दूरदूरची माणसे त्यासाठी येऊ लागली आहेत.

यंदा बांधापुढे उदगीरकडची एक बाई सुनेला घेऊन उभी होती. "लई जुनी चाल हाय ही," ती सांगत होती. "देवानंच घालून दिलेली."

विसर्जनाच्या संकल्पात मी देश उच्चारतो, काळ उच्चारतो, आणि मग थांबून, संस्कृतात न गुंफता, त्यांचे संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासह आणि आडनावासह, पुढे 'गोदी कामगार, मुंबई' असे, सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणतो. यंदाही म्हटले.

मागून त्या बाईने सुनेला कोपराने ढोसल्याचे मला कळले.

"ऋषीचं नाव हाय," ती कुजबुजली. "हात जोड."

मी कुदळ उजवीकडून धरली.